आपला वारसा, आपल्याच घरात
(सोसायटीच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





आजच्या या समारंभाला आपण मला आठवणीने बोलावलेत, याबद्दल मी सोसायटीचा ऋणी आहे. ज्या मुलामुलींनी बक्षिसे मिळवली त्यांचे मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी खट्टू होऊ नये. मला स्वतःला सबंध शालेय आयुष्यात एकदाच बक्षीस मिळाले, आणि तेही हस्ताक्षराचे.

चिटणीस साहेबांनी मला सुचवले होते की, मुलांना पुढील शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत. त्या विषयावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक पुष्कळ आहेत. मी जन्मभर मराठी शिकवले. तेव्हा आपल्या परवानगीने मी एका वेगळ्या, पण मला तितक्याच निकडीच्या वाटणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न माझा नाही. दहावीतल्या एका मुलाने तो मला विचारला.

हा मुलगा आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत बोलून आला होता. भाषण झाल्यावर एका परीक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास! मुसलमान असूनही किती छान मराठी बोलतोस!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण 'असूनही' हा शब्द पोराच्या मनात काट्यासारखा रुतला. पुढे सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे गेला. तिथे त्याचे उर्दू ऐकून भावंडे हसली. म्हणाली, "हा बघा आमचा गावंढळ कोकणी!" परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, तिकडे मी पुरता मराठी नाही, इकडे पुरता मुसलमान नाही. मग मी नक्की कुठला?"

मित्रहो, मला त्याला ताबडतोब उत्तर देता आले नाही. त्याचे कारण सांगायला मला संकोच वाटतो, पण आज सांगणार आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी 'आमच्या घरचा सण' हा निबंध घातला होता. एका मुलीने ईदवर लिहिले. तिने लिहिले की, फजरला सगळे उठले, दादीने सांदणे वाफवली, दस्तरखान अंथरला गेला, आणि दादीने डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. मी लाल शाई घेतली. 'फजर' खोडून 'पहाट' केले. 'दस्तरखान' खोडून 'पंगत' केले. 'दुवा' खोडून 'आशीर्वाद' केले. आणि सांदणांच्या जागी, आपणांस हसू येईल, मी 'इडल्या' लिहिले! दहापैकी चार गुण दिले आणि खाली शेरा मारला : 'शुद्ध मराठी लिहावे.'

मी स्वतः कोकणातला मुसलमान. माझ्याही घरी ईदला सांदणेच होत. पण शाळेच्या फळ्यासमोर उभा राहिलो की घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवायची, असे मला माझ्या शिक्षकांनी शिकवले होते, आणि तेच मी पुढे चालवले.

ती मुलगी गेल्या वर्षी मला एका लग्नात भेटली. आता तिच्याही मुलीचे लग्न झाले आहे. तिने अदबीने सलाम केला, चौकशी केली आणि म्हणाली, "सर, माझ्या दादीला हळदीची चाळीसच्या वर गाणी येत. माझ्या मुलीच्या हळदीला त्यातले एकही म्हणायला कोणी उरले नव्हते. आम्ही लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लावली. तुम्ही मराठीचे शिक्षक, म्हणून विचारते. ती गाणी कुठे छापलेली मिळतील का?"

ती कुठेही छापलेली नव्हती. ती तिच्या दादीच्या तोंडात होती, आणि त्या तोंडची भाषा मीच तिच्या वहीत खोडली होती. तिने मला दोष दिला नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. अशा प्रश्नाला सभा-संमेलनांतून आपण एक ठरावीक उत्तर देत आलो आहोत. ते म्हणजे थोर नावांची यादी. ही यादी खोटी नाही. ती आपल्या मुलांना ठाऊक असलीच पाहिजे, म्हणून मीही ती थोडक्यात सांगतो.

अरब प्रवासी अल् मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास आपल्या चौल बंदरात आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर आपली वस्ती नांदत होती, आणि ती व्यापाराच्या गलबतांतून आली होती. माहीमचे हजरत मखदूम अली माहिमी हे नवायत घराण्यात इ. स. १३७२ मध्ये जन्मले. त्यांनी कुराण शरीफवर अरबी भाषेत भाष्य लिहिले. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा नामांकित सरदार होता. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने दुमदुमली. डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संत वाङ्मयाच्या अभ्यासात हयात घालवली, आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले.

यादी आणखी लांबवता येईल. पण खरे सांगू? मी ती त्या मुलाला सांगितली, तेव्हा त्याने मान डोलावली आणि विचारले, "पण सर, यातले आमच्या घरातले कोण?"

त्याच्या या प्रश्नाने माझे डोळे उघडले. आपण ही यादी बहुतेक वेळा पुरावा म्हणून वाचतो. कोणीतरी आपल्याला परके समजेल, या धास्तीने आपण थोरांची नावे साक्षीदारांसारखी उभी करतो. पण पंधरा वर्षांच्या पोराने खिशात पुरावा घेऊन का हिंडावे? स्वतःच्या गावात राहणाऱ्याला दाखला लागत नाही. त्याला हवा असतो तो वारसा. पुरावा दुसऱ्याला दाखवण्यासाठी असतो, वारसा आपण स्वतः जगण्यासाठी असतो. आणि तो यादीत नसून घरात असतो.

मी त्या मुलाला म्हटले, "तुझे पूर्ण नाव कागदावर लिही." त्याने लिहिले. पहिले नाव अरबी, पैगंबरसाहेबांच्या एका सहाबींचे. मधले नाव वडिलांचे, महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे. शेवटी आडनाव : गावाच्या नावाला 'कर' लावलेले, अगदी शेजारच्या हिंदू घरासारखे. मी म्हटले, "बाळ, तू कुठला ते तुझ्या नावातच लिहिले आहे. यातला एकही शब्द खोडला तर ते तुझे नाव राहील काय?"

आपल्या आडनावांत तर सबंध इतिहास भरला आहे. नाखवा हे नाव 'नाखुदा' या फारसी शब्दावरून आले, म्हणजे जहाजाचा प्रमुख. सारंग म्हणजे जहाजावरचा अधिकारी. मुकादम, काझी, खतीब ही नावे कामावरून पडली. आणि हे शब्द केवळ आपल्या घरात राहिले नाहीत. अर्ज, वकील, जमीन, कागद, दुकान, हजार, खलाशी हे शब्द वगळून कोणाही मराठी माणसाने एक दिवस व्यवहार करून दाखवावा! पावसाळ्याला इंग्रज ज्या 'मान्सून' नावाने ओळखतो तो शब्द अरबी 'मौसिम'वरून गेला. तेव्हा आपण मराठीच्या दारात उसने मागायला उभे नाही. या घराच्या बांधकामात आपलाही चिरा लागला आहे.

आता बोलीविषयी. पालकांना मला विशेष सांगायचे आहे ते हेच. आपली बोली ही बिघडलेली मराठी आहे आणि बिघडलेली उर्दूही आहे, असा आपणच समज करून घेतला आहे. ग्रिअर्सन या विद्वानाने हिंदुस्थानातील भाषांची जी पाहणी केली, तिच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये 'बाणकोटी'ची नोंद आहे. परक्या मुलखातल्या माणसाला जी बोली नोंदवून ठेवावीशी वाटली, ती आपल्याला पाहुण्यांसमोर बोलायची लाज वाटते!

आपल्या लोकांनी ही बोली किती दूर नेली पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडच्या गावांतून आपली माणसे दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनला गेली. तिथे त्यांनी गावागावांच्या जमाती बांधल्या, मशिदी उभारल्या, आणि आजही ती माणसे स्वतःला 'कोकणी' म्हणवतात. त्यांची बोली पिढ्यान्‌पिढ्या घरात टिकली, आणि तिथल्या विद्यापीठातील भाषातज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. अलीकडे मात्र तिथली तरुण पिढी इंग्रजीकडे वळली आहे. हजारो मैलांवर, कोणाचा आधार नसताना जे इतकी वर्षे टिकले, ते आपण इथे, आपल्याच खाडीकाठी, एका पिढीत घालवावे काय?

यावर पालकांच्या मनात दोन शंका येतात, त्यांना मी बगल देणार नाही.

पहिली शंका दीनाची. काही पालक म्हणतात, हे गाणी-रिवाजांचे कौतुक करून मुले दीनापासून दूर जातील. मी आलिम नाही. पण कुराण शरीफच्या सूरा रूममध्ये माणसांच्या भाषा आणि वर्ण वेगवेगळे असणे ही अल्लाहतआलाची निशाणी म्हणून सांगितली आहे, आणि सूरा इब्राहीममध्ये प्रत्येक पैगंबराला त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठवल्याचे सांगितले आहे, हे आपण सर्व जाणता. जी गोष्ट निशाणी आहे तिची लाज कशी वाटावी? नमाजची भाषा अरबी आहे. तिच्यासाठी दादीची भाषा टाकावी लागत नाही. त्या दादीनेच तर आपल्याला पहिला कलमा पढवला, आणि त्याचा अर्थ तिने आपल्या बोलीतच समजावला.

दुसरी शंका पोटापाण्याची. बोली जपून नोकरी मिळणार आहे का, असे विचारतात. नाही मिळणार. मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावे, प्रमाण मराठी निर्दोष लिहावे, उर्दूची गोडी लावून घ्यावी, गणित-विज्ञानात कोणाच्या मागे राहू नये. ज्याला चार भाषा येतात त्याने पाचवी, घरची, विसरावी असा हिशेब मला समजत नाही. माझा अनुभव असा आहे की, ज्या मुलाला आपल्या घराची लाज वाटते तो वर्गात हात वर करायलाही कचरतो. चूक होईल, हसतील, या भीतीने तो गप्प बसतो. उलट, ज्याला आपण कोण याविषयी निश्चिंती आहे, तो मुंबईला जावो की कुवेतला, चारचौघांत सरळ उभा राहतो.

आणखी एक खुलासा करतो. वारसा जपणे म्हणजे जुने ते सगळे जपणे नव्हे. वाडवडिलांकडून आपल्याला हळदीची गाणी आली, तशीच लग्नातली उधळपट्टीही आली. कुठे कुठे हुंड्याची कीड लागली आहे. मुलीला सातवीनंतर घरी बसवण्याची रीतही आपल्याच घरांत होती, आणि ती मोडण्यासाठी आपल्यासारख्या संस्थांना दारोदार हिंडावे लागले. घरातल्या पेटीत सोनेही असते आणि वाळवी लागलेले कापडही. पण काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवण्यासाठी आधी पेटी उघडावी तर लागेल! आज आपण ती न उघडताच भंगारात घालत आहोत.

म्हणून, विद्यार्थी मित्रांनो, माझी तुम्हांला एक विनंती आहे. प्रत्येकाने शंभर पानी एक वही घ्यावी आणि तिच्यावर 'आमचे घर' असे लिहावे. त्या वहीत काय काय लिहायचे ते सांगतो.

पहिले, आपली वंशावळ. आजोबांच्या आजोबांपर्यंत जाता येते का पाहा. आजींची नावेही लिहा. बायकांची नावे आपण फार लवकर विसरतो.

दुसरे, घरचे शब्द. जो शब्द पुस्तकात नाही पण स्वयंपाकघरात, होडीवर किंवा भाताच्या मळ्यात ऐकू येतो, तो जसा बोलतात तसाच लिहा. सुधारू नका. सुधारण्याचे पाप मी केले आहे, तेवढे पुरे!

तिसरे, रांधप. सांदणे कशी होतात ते दादीशेजारी बसून टिपा. तांदळाचा रवा किती, नारळाचे दूध किती, पीठ किती वेळ ठेवायचे. मग शेजारच्या हिंदू मैत्रिणीच्या घरीही विचारा. त्यांच्याकडे फणसाच्या रसाची सांदणे होतात. नाव एक, चव दोन. शेजार म्हणजे काय ते तुम्हांला अशा गोष्टीतून जितके कळेल तितके भाषणांतून कळणार नाही.

चौथे, गाणी, उखाणे, म्हणी, अंगाई. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. दादी-नानीची परवानगी घेऊन त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि मग ऐकून ऐकून वहीत उतरवा. हे काम क्षुल्लक समजू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा या साध्या बायकांच्या गाण्यांत काय आहे, असे पुष्कळांना वाटले असेल. आज तो संग्रह एक लाख ओव्यांच्या वर गेला आहे. शाहीर अमर शेख लहानपणी आईच्या तोंडची गाणी ऐकत वाढले. कोणत्या घरातल्या गाण्यातून उद्याचा शाहीर उठेल हे आज कोणी सांगावे?

पाचवे, जुने कागद. ज्यांच्या घरी काझीपणाच्या सनदा, खोतीचे कागद किंवा जहाजावर गेलेल्या आजोबांची पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. पुष्कळ कागद मोडीत असतात. मोडी वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. राज्य शासनाच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग घेतले जातात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात १९१० पासून असेच घराघरांतले मोडी व फारसी कागद जमा होत आले आहेत. आपल्यातल्या दोन-चार मुलांनी जरी मोडी शिकून घेतली, तरी सबंध गावाचा इतिहास उजेडात येईल.

पालकांना माझे सांगणे एवढेच की, मुले विचारायला आली तर "आता काय त्याचे!" म्हणून त्यांना परतवू नका. संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलू द्या. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या वडिलांनीही मुलांना वस्तूंबरोबर आपल्या लहानपणच्या चार गोष्टी द्याव्यात. आणि शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला प्रमाण मराठी जरूर शिकवा, ते आपले कर्तव्यच आहे. पण घरचा शब्द चूक म्हणून खोडू नका. त्याच्याखाली रेघ मारा आणि विचारा, "हा शब्द तुझ्या घरी कोण बोलते?"

आता शेवटचे सांगून आपली रजा घेतो. त्या लग्नानंतर माझ्या त्या विद्यार्थिनीने हात टेकले नाहीत. तिच्या दादीची एक भाची खाडीपलीकडच्या गावात राहते, असे तिला कळले. वय नव्वदीच्या घरात, नजर गेलेली. ही चार वेळा तरीतून पलीकडे गेली. म्हातारीला गाणी सलग आठवत नसत. ताट वाजवायला घेतले की एखादी ओळ यायची, मग दुसरी. अशी अकरा गाणी मिळाली. चाळीसांपैकी अकरा. बाकीची गेली, ती आता आपल्याला कोणी देणार नाही.

त्या अकरा गाण्यांच्या वहीची प्रत तिने मला पाठवली. सोबत चिठ्ठी होती : 'सर, तपासून द्यावी.' मी लाल शाई घेतली नाही. वही जशीच्या तशी आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयाला द्यायला आणली आहे. मुख्याध्यापकांनी ती स्वीकारावी. तिच्या शेजारी पुढील वर्षी तुमच्या वह्या दिसाव्यात अशी माझी इच्छा आहे. त्यांतील सर्वांत चांगल्या वहीला, माझ्या निवृत्तिवेतनातून, मी हयात असेपर्यंत दरवर्षी एक लहानसे बक्षीस देईन. ते शुद्धलेखनाचे नसेल एवढे आताच सांगून ठेवतो.

आणि त्या मुलाला, जो आज या सभागृहात मागच्या रांगेत बसला आहे, मी एवढेच म्हणेन की, बाळ, तू कुठला हे तुला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. आज घरी जा आणि दादीजवळ बस.

अल्लाहतआला आपल्या मुलांना इल्म देवो, आणि आपल्या वडीलधाऱ्यांचे छत्र आपल्यावर दीर्घकाळ ठेवो.

खुदा हाफिज.